कानातला खोडवा: मेलेल्या केसपेशी परत उगवतात का?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा ज्यांच्या गावात नेट धड चालत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच.)

[००:००] आधी आवाज दोन घरं खाली घ्या

हेडफोन लावून ऐकत असाल तर एक काम करा. आवाजाचं बटण दोन घरं खाली दाबा. का ते याच भागात कळेल.

आजचा विषय माझ्या घरातूनच आलाय. गोष्टी दोन आहेत.

पहिली गोष्ट माझी. केज तालुक्यात एका मित्राच्या लग्नाला गेलो होतो. नवरदेवाचा परण्या मारुतीच्या देवळाकडे निघाला आणि पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर डीजे. भिंतीएवढे बॉक्स. छाती हादरत होती. मी काय केलं? नाचलो. तेही बॉक्सपासून चार हातांवर, जवळजवळ दोन तास. मोबाइलमधलं आवाज मोजायचं ॲप सहज उघडलं, तर आकडा १०५ च्या आसपास नाचत होता. ॲप म्हणजे काही मोजमापाचं यंत्र नाही, पण अंदाज आला. रात्री झोपायला गेलो तर दोन्ही कानांत ‘कूंऽऽ’ असा आवाज. सकाळी आई बोलत होती ते कापसाचा बोळा घातल्यासारखं ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कान मोकळे झाले. मी म्हटलं, चला, झालं बरं.

दुसरी गोष्ट अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. त्यांनी बावीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये काढली. मशीन सुरू झालं की शेजारच्या माणसाशी खुणेनं बोलायचं, अशी ती नोकरी. आता त्यांचं ऐकणं असं झालंय की आवाज येतो, पण शब्द कळत नाही. परवा मी म्हटलं, “अण्णा, एसटी सात वाजता आहे.” त्यांनी ऐकलं ‘आठ’. निवांत चहा पीत बसले. एसटी गेली. आणि वर मलाच बोलले, “तू नीट बोलत न्हाईस लेका, तोंडातल्या तोंडात पुटपुटतोस.”

तर या अण्णांनी एक दिवस मला मोबाइल दाखवला. एक व्हिडिओ होता. त्यात एक माणूस सांगत होता की शास्त्रज्ञांनी कानातल्या मेलेल्या पेशी परत उगवून दाखवल्यात, आणि त्याचं तेल तीन महिने कानात टाकलं तर मशीन लावायची गरज नाही. किंमत काही हजारांत. अण्णा म्हणाले, “मागवू का रं?”

मला लगेच ‘नाही’ म्हणता आलं नाही. कारण त्या व्हिडिओतली अर्धी गोष्ट खरी होती. पेशी परत उगवतात. प्रश्न एवढाच आहे की कोणाच्या कानात, केव्हा, आणि कशा. तेच आज बघू.

[०३:१०] कानाच्या आत चार सऱ्या

आपल्याला दिसतो तो कान म्हणजे नुसतं कर्णं. खरं काम आत, हाडाच्या पोकळीत चालतं. तिथं शंखासारखी वळलेली एक नळी आहे. शाळेच्या पुस्तकात तिला कर्णावर्त म्हटलंय. उलगडून सरळ केली तर साधारण साडेतीन सेंटीमीटर. तिच्यात पाणी भरलेलं असतं आणि मधून एक पातळ पडदा गेलेला असतो.

त्या पडद्यावर पेशींच्या ओळी आहेत. डोळ्यांपुढे उसाचं रान आणा. आतल्या बाजूला एक सरी, बाहेरच्या बाजूला तीन सऱ्या. या झाल्या केसपेशी, इंग्रजीत हेअर सेल. नाव केसाचं असलं तरी तो डोक्यावरचा केस नव्हे. पेशीच्या डोक्यावर अतिशय बारीक काड्यांचा झुबका असतो, लहानमोठ्या काड्या पायऱ्यांसारख्या लावलेल्या. लहान काडीचं टोक शेजारच्या उंच काडीला एका सूक्ष्म धाग्यानं बांधलेलं असतं.

आवाज आला की पाणी हलतं, पडदा हलतो, झुबका एका बाजूला कलतो. धागा ताणला की काडीवरचं एक दार उघडतं, पोटॅशियमचे कण आत घुसतात, आणि पेशीत विजेचा सिग्नल तयार होतो. तोच पुढे नसेतून मेंदूत जातो. सगळ्यात हळू आवाज ऐकताना हा झुबका किती हलतो माहितीय? एका नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे एका मिलिमीटरचे दहा लाख तुकडे करा, त्यातला एक. ही यंत्रणा उलगडणाऱ्या जेम्स हडस्पेथ, रॉबर्ट फेटिप्लेस आणि क्रिस्टीन पेटिट या तिघांना २०१८ चं कावली पारितोषिक मिळालं.

चारही सऱ्यांचं काम सारखं नाही. आतली एक सरी ऐकते. मेंदूकडे जाणाऱ्या बहुतेक नसा तिलाच जोडलेल्या आहेत. बाहेरच्या तीन सऱ्या ॲम्प्लिफायरचं काम करतात. त्या पेशी आवाजाच्या तालावर अक्षरशः आखूड-लांब होतात आणि पडद्याला जोर देतात. म्हणून आपल्याला कुजबुज ऐकू येते.

आता आकडा लक्षात ठेवा. एका कानात या सगळ्या पेशी मिळून साधारण पंधरा-सोळा हजार. त्यातल्या ऐकणाऱ्या आतल्या पेशी फक्त साडेतीन हजारांच्या आसपास. डोळ्याच्या पडद्यात उजेड टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या वर आहेत. कानाला मात्र देवानं, निसर्गानं, ज्याला मानता त्यानं, एवढंच भांडवल दिलंय. आणि जन्मानंतर त्यात भर पडत नाही.

[०६:००] अण्णांना ‘सात’ का ऐकू येत नाही

शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, तीक्ष्ण आवाज टिपतात. आत टोकाला असलेल्या पेशी जाड, घुमणारे आवाज टिपतात. आवाज, वय, काही औषधं, या सगळ्यांचा पहिला फटका बसतो तो बारीक आवाजाच्या पेशींना. मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाच्या चाचणीत तर ४००० हर्ट्झच्या आसपास आलेखात खड्डा पडलेला दिसतो. अण्णांच्या कागदावर तो मी स्वतः पाहिला.

आता भाषेचं बघा. ‘आ’, ‘ओ’, ‘ऊ’ हे स्वर जाड आवाजाचे. ते अण्णांना ऐकू येतात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ हे बारीक. ते गळून पडतात. म्हणून ‘सात’ म्हटलं काय आणि ‘आठ’ म्हटलं काय, अण्णांच्या कानात पोहोचतो नुसता ‘आ’. त्यांना वाटतं आपण पुटपुटतो. आपल्याला वाटतं ते लक्ष देत नाहीत. घराघरात या एका गोष्टीवरून भांडणं होतात. तुमच्याही घरी होत असतील तर आज रात्री जेवताना हे सांगा.

[०७:३०] कोंबडीचा कान आणि उसाचा खोडवा

आता मूळ प्रश्न. पेशी मेली, मग नवी उगवते का?

१९८० च्या दशकापर्यंत सगळ्यांचं मत होतं की नाही. उबदार रक्ताच्या प्राण्यांत तर नाहीच. मग अमेरिकेत कोंबडीच्या पिल्लांवर काम सुरू झालं. मोठ्या आवाजानं किंवा औषधानं त्यांच्या कानातल्या केसपेशी मारल्या आणि पुढं काय होतं ते बघितलं. १९८७ च्या सुमारास दिसलं की रिकाम्या जागी परत पेशी आहेत. १९८८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दोन शोधनिबंध आले. एक जेफ्री कॉर्विन आणि डग्लस कोटान्च यांचा, कोंबडीच्या पिल्लांवर. दुसरा ब्रेंडा रायल्स आणि एडविन रूबेल यांचा, पूर्ण वाढलेल्या जपानी बटेरांवर. दोन्हीकडे उत्तर एकच: नव्या केसपेशी जन्माला येतात. काही दिवसांत दिसायला लागतात आणि काही आठवड्यांत पक्ष्याचं ऐकणंही बऱ्यापैकी परत येतं.

आपल्या पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. मोर हा कोंबडी आणि बटेर यांच्याच कुळातला पक्षी. त्याच्या कानाशेजारी डीजे लावा असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण या कुळातल्या पक्ष्यांच्या कानाला जी दुसरी संधी मिळते, ती आपल्याला मिळत नाही, एवढं मात्र खरं. मासे तर आणखी पुढं. झेब्राफिश नावाचा छोटा मासा अंगावरच्या केसपेशी दोन-तीन दिवसांत परत उगवतो.

हे होतं कसं? इथं आपला बीड जिल्हा कामाला येतो. दिवाळी झाली की आपल्याकडची निम्मी गावं कोयता घेऊन कारखान्याला जातात, त्यामुळे खोडवा काय असतो हे कोणाला सांगायला नको. ऊस तोडला, बुडखा जमिनीत राहिला. त्या बुडख्यावर डोळे असतात. शेंडा होता तोवर शेंड्यानं त्यांना दाबून ठेवलेलं. शेंडा गेला, डोळे फुटले, खोडवा आला. नवं बेणं लावायची गरज नाही.

कानात केसपेशींच्या खाली आणि मधे आधारपेशी असतात. त्यांना बुडख्यावरचे डोळे समजा. जिवंत केसपेशी आपल्या शेजारणीला सतत निरोप देत असते: “मी केसपेशी आहे, तू आधारच राहा.” या निरोपाच्या यंत्रणेला नॉच म्हणतात. पक्ष्यात केसपेशी मेली की निरोप थांबतो. मग आधारपेशी जागी होते. कधी ती स्वतःच रूप बदलून केसपेशी होते, कधी आधी दुभंगते आणि एकीची केसपेशी होते. रूप बदलायचा हुकूम देणारं एक जनुक आहे, त्याचं नाव ॲटोह-१. १९९९ मध्ये उंदरांवर सिद्ध झालं की हे जनुक नसेल तर केसपेशी तयारच होत नाहीत.

[१०:४०] मग आपल्या कानात खोडवा का फुटत नाही?

आधारपेशी आपल्याकडेही आहेत. ॲटोह-१ आपल्याकडेही आहे. नॉच आपल्याकडेही आहे. तरी मोठ्या माणसाच्या कर्णावर्तात केसपेशी मेली की शेजारच्या आधारपेशी फक्त पुढं सरकतात आणि भोक बुजवतात. भिंतीला पडलेलं भगदाड सिमेंटनं लिंपावं तसं. ते लिंपणंही गरजेचं असतं, नाहीतर आतली दोन वेगवेगळी पाणी एकमेकांत मिसळून आणखी नुकसान होईल. पण लिंपल्यावर तिथं पीक येत नाही.

आता यातली गंमत बघा. सस्तन प्राण्यांत ही शक्ती अजिबात नाही असंही नाही. तीन गोष्टी सांगतो.

एक. कानातच तोल सांभाळणारा वेगळा भाग आहे, तिथेही केसपेशीच असतात. १९९३ मध्ये ‘सायन्स’मध्येच दोन शोधनिबंध आले. गिनीपिगच्या या भागात मेलेल्या पेशींच्या जागी नव्या दिसल्या. शस्त्रक्रियेत काढलेल्या माणसाच्या ऊतीतही आधारपेशी विभागल्याच्या खुणा मिळाल्या. म्हणजे तोलाच्या भागात थोडा खोडवा फुटतो. पण विरळ, आणि पूर्ण पिकत नाही.

दोन. उंदराचं पिल्लू जन्मतः बहिरं असतं. साधारण बाराव्या दिवशी त्याला ऐकू यायला लागतं. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या कर्णावर्तातल्या केसपेशी मारल्या तर थोड्या परत येतात, हे २०१४ मध्ये जिवंत पिल्लांत दिसलं. त्याआधी २००६ मध्ये अशा पिल्लांच्या आधारपेशी काढून काचेच्या ताटलीत वाढवल्या, तर त्या विभागल्या आणि केसपेशी झाल्या. मात्र आठवडाभरात हे दार बंद होतं.

तीन. माणसाचं बाळ पोटात असतानाच, साधारण सहाव्या महिन्यापासून आवाजाला दाद द्यायला लागतं. म्हणजे उंदराचा जो बारावा दिवस, तो आपला पोटातच होऊन जातो. आपण जन्माला येतो तेव्हा दार आधीच बंद झालेलं असतं.

दार बंद होतं म्हणजे काय? पेशी मोठी होते तसतशी तिच्या केंद्रातली, केसपेशी बनवणारी पानं घट्ट गुंडाळून ठेवली जातात. पुस्तक तिथेच असतं, पण पानं चिकटवून टाकलेली. शिवाय पेशीला विभागू न देणारी प्रथिनं ब्रेक दाबून बसतात. त्यामुळे निरोप थांबला तरी आधारपेशीला ती पानं वाचता येत नाहीत.

निसर्गानं असं का केलं असावं? एक अंदाज असा की सस्तन प्राण्यांचा कान फार बारीक आवाजापर्यंत ऐकतो आणि त्यासाठी चार सऱ्यांची मांडणी एकदम काटेकोर लागते. भलतीकडे एखादं रोप उगवलं तर सगळा ताल बिघडेल. हा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, हे लक्षात असू द्या.

[१४:००] प्रयोगशाळेतून माणसापर्यंत

आता अण्णांच्या व्हिडिओतला ‘शास्त्रज्ञांनी उगवून दाखवलं’ हा भाग.

२००५ मध्ये बहिऱ्या केलेल्या गिनीपिगच्या कानात ॲटोह-१ जनुक पोहोचवलं आणि काही केसपेशी तयार झाल्या. २०१३ मध्ये मोठ्या आवाजानं बहिऱ्या झालेल्या उंदरांना नॉचचा निरोप बंद करणारं औषध कानात दिलं. काही नव्या पेशी आल्या, ऐकण्यात थोडा फरक पडला. बातम्या झाल्या. साहजिक आहे.

मग माणसावरच्या चाचण्या. २०१४ मध्ये अमेरिकेत ॲटोह-१ कानात सोडण्याची पहिली चाचणी सुरू झाली. त्यातून दवाखान्यात मिळेल असा उपचार काही बाहेर आला नाही. युरोपात रिगेन नावाची चाचणी झाली, नॉच थांबवणाऱ्या औषधाची. त्याचा निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध सुरक्षित वाटलं, पण ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलं नाही.

सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट एफएक्स-३२२ या औषधाची. आधारपेशींना जागं करायचं, हीच कल्पना. सुरुवातीच्या छोट्या चाचणीत काही लोकांना शब्द जास्त कळायला लागले. सगळीकडे आशा. मग मोठी चाचणी घेतली, ज्यात काहींना खरं औषध आणि काहींना नुसतं खोटं इंजेक्शन. कोणाला काय दिलं हे कोणालाच माहीत नाही. २०२१ मध्ये निकाल आला: खोटं इंजेक्शन घेतलेल्यांनाही बरं वाटत होतं! दोन्ही गटांत फरक नाही. २०२३ मध्ये पुढच्या चाचणीतही तेच झालं आणि कंपनीनं ते काम थांबवलं.

हे मी अण्णांना सांगितलं. म्हटलं, “अण्णा, इतक्या मोठ्या चाचणीत खोट्या इंजेक्शनानं लोकांना बरं वाटलं. मग तेलवाल्याच्या व्हिडिओखाली ‘मला फरक पडला’ असं दहा जणांनी लिहिलं, तर त्यातून काय कळतं?” अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजे त्यांलाच जमलं न्हाई, आन् हा बाटलीत भरून इकतो व्हय?”

आणि एक साधी गोष्ट. तेल कानाच्या पडद्याशी थांबतं. केसपेशी त्या पडद्याच्या पलीकडे, हाडात आहेत. तेल तिथं पोहोचतच नाही. पडद्याला भोक असेल तर उलट धोका.

मग बहिऱ्या मुलांना ऐकू यायला लागलं त्या बातम्या खोट्या का? नाही, त्या खऱ्या. पण ती वेगळी गोष्ट आहे. काही मुलांत ऑटोफर्लिन नावाचं प्रथिन जन्मतः नसतं. केसपेशी जिवंत असतात, झुबका हलतो, पण सिग्नल नसेपर्यंत जात नाही. २०२४ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये शांघायच्या डॉक्टरांचा अहवाल आला. अशा सहा मुलांच्या कानात त्या जनुकाची चांगली प्रत सोडली, आणि पाच जणांचं ऐकणं सुधारलं. रोप जिवंत होतं, पाणी पोहोचत नव्हतं, पाइप जोडला. अण्णांच्या कानात रोपच राहिलेलं नाही. बातमी वाचताना हा फरक लक्षात ठेवा: पेशी परत उगवली, की होती तीच दुरुस्त झाली?

काम थांबलंय असं मात्र समजू नका. एकच जनुक पुरत नाही हे आता कळलंय. ब्रेक काढणं, पानं मोकळी करणं आणि हुकूम देणं हे एकत्र आणि योग्य क्रमानं करायला हवं, या दिशेनं लोक काम करतायत. कान घडतो कसा, यावर आपल्या देशातही, बंगळुरूच्या एनसीबीएस संस्थेत राज लाधर यांची प्रयोगशाळा काम करते. आपल्यापैकी कोणी बायोलॉजी घेऊन पुढं जाणार असेल तर हे दार अजून उघडायचं बाकी आहे बरं का.

[१८:३०] तोवर काय? आणि माझ्या कानाचं काय झालं?

अण्णांना घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून ऑडिओमेट्री केली. बाईंनी सांगितलं की केसपेशी परत येणार नाहीत, पण ज्या शिल्लक आहेत त्यांना मोठा आवाज पोहोचवता येतो. तेच श्रवणयंत्राचं काम. आणि केसपेशी जवळजवळ संपल्याच असतील, तर कॉक्लियर इम्प्लांट त्यांना वगळून थेट नसेलाच विजेचा सिग्नल देतं. आपल्याकडे हे तंत्र रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचं नाव घेतलं जातं. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली.

मग मी म्हटलं, माझाही कान बघा. माझा आलेख सरळ आला. मी खूश. बाई म्हणाल्या, “आलेख सरळ आला म्हणजे काहीच झालं नाही असं नाही.”

त्याचं कारण सांगतो. मोठ्या आवाजानंतर कान बसतात आणि एक-दोन दिवसांत मोकळे होतात, तेव्हा आपल्याला वाटतं सगळं जागेवर आलं. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांत दाखवलं की ऐकणं परत आल्यावरही केसपेशी आणि नस यांच्यातले बरेच जोड कायमचे तुटलेले होते. साध्या चाचणीत ते दिसत नाही. माणसातही असं होत असावं, असं अनेक संशोधकांना वाटतं. म्हणजे शांत खोलीत सगळं ऐकू येतं, पण लग्नाच्या गर्दीत समोरचा काय बोलतोय ते कळत नाही. माझ्या त्या दोन तासांत नेमकं काय गेलं, ते मला कधीच कळणार नाही.

आता हिशोब. जागतिक आरोग्य संघटनेनं आठवड्याचं एक बजेट दिलंय, मोबाइलच्या डेटा पॅकसारखं समजा. ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास. ९० असेल तर ४ तास. १०० असेल तर फक्त २० मिनिटं. दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ झपाट्यानं कमी होतो. १०५ ला बजेट आठ मिनिटांच्या आसपास. मी नाचलो दोन तास. डेटा संपला तर दुसऱ्या दिवशी परत मिळतो. केसपेशी मिळत नाहीत.

कायदाही आहे बरं का. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. पण वराती आणि मिरवणुकीत कायदा सांगायला गेलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून निदान स्वतःपुरतं करा: बॉक्सपासून लांब राहा, मधून मधून दहा मिनिटं बाजूला जा, आणि मेडिकलमधून फोमचे बोळे घेऊन खिशात ठेवा. कापूस घालून भागत नाही.

[२१:४५] तुमचे प्रश्न

या विषयाची घोषणा केली तेव्हा आलेल्या प्रश्नांतले तीन.

“इअरबड वाईट की मोठे हेडफोन?” दोन्हीत आवाज किती आणि किती वेळ, एवढंच महत्त्वाचं. फक्त एसटीच्या खडखडाटात आपण इअरबडचा आवाज वाढवत नेतो, तिथं घोळ होतो. बाहेरचा आवाज अडवणारे असतील तर कमी आवाजात भागतं. फोनमध्ये आवाजाची मर्यादा ठरवायची सोय असते, ती लावा. हातभर अंतरावरचा माणूस बोलला तर ऐकू आलं पाहिजे, ही घरगुती खूण.

“अचानक एका कानानं ऐकू येणं बंद झालं तर?” थांबू नका. मळ असेल, सर्दी असेल, म्हणून आठवडा घालवू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. अशा वेळी लवकर दिलेल्या औषधाचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते. आपल्या जिल्ह्यात आंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे कान-नाक-घसा विभाग आहे.

“औषधानं कान जातो हे खरं का?” काही औषधांनी, हो. जेंटामायसिन, ॲमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं आणि कर्करोगावरचं सिसप्लॅटिन केसपेशींना मारू शकतात. पण ही औषधं जीव वाचवण्यासाठी दिलेली असतात, त्यामुळे मनानं बंद करायची नाहीत. चालू असताना कानात आवाज यायला लागला किंवा तोल जायला लागला, तर लगेच डॉक्टरांना सांगायचं.

[२३:३०] जाता जाता

अण्णांनी तेल मागवलं नाही. यंत्र घेतलं. पहिले आठ दिवस वैतागले होते. इतक्या वर्षांनी सगळे बारीक आवाज एकदम आले ना. पहिल्या दिवशी स्वयंपाकघराकडे बघत मला म्हणाले, “तुझ्या आईला म्हनाव भांडी हळू घास, कान फाटायलेत.” आई आतून ओरडली, “बावीस वर्षं मोठ्यानं बोलून माझा घसा फाटला, त्याचं काय?”

आता ‘सात’ म्हटलं की सात ऐकू येतं. नेहमी नाही, पण बऱ्याचदा.

कोंबडीला जमतं, माशाला जमतं, उंदराच्या पिल्लाला आठवडाभर जमतं. आपल्याला एक दिवस जमेल, मला तरी तसं वाटतं. पण त्या दिवसाच्या भरवशावर आज कान खर्च करू नका. आपल्या रानात एकदाच लागण झालीय, खोडवा नाही.

भाग आवडला तर घरातल्या त्या माणसाला पाठवा ज्याला तुम्ही “ऐकू येत नाही का?” म्हणून ओरडता. आणि हो, आवाज परत वाढवू नका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!